आंघोळकाका आणि न धुतलेले दगड

आमच्या ऑफिसात मला ज्योतिषीबुवा म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या मजल्यावरच्या भिंती प्लायवूडच्या आहेत, त्यामुळे पाठीमागचं सगळं मला तोंडावर ऐकू येतं. माझं काम असं की जमिनीखाली तीन किलोमीटरवर जो दगड आहे, त्यातून तेल, पाणी आणि वायू हे तिघं एकमेकांना ढकलत कुठून कुठे जातील ते कॉम्प्युटरवर मांडायचं आणि सांगायचं, की अमुक विहिरीतून अमुक वर्षी तेलाऐवजी पाणी येऊ लागेल. खाली मी कधी गेलेलो नाही. कुणीच गेलेलं नाही. म्हणून तर माझी नोकरी टिकली.

लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि आम्ही त्यात नळी घालतो. तसं काही नसतं. असतो तो नुसता दगड, आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. तेल त्या छिद्रांत असतं. ते आपणहून बाहेर येईनासं झालं की आम्ही एका बाजूच्या विहिरींतून पाणी दाबतो, म्हणजे ते तेलाला रेटत दुसऱ्या बाजूच्या विहिरींकडे नेतं. आता एकाच बोळकांडीतून तिघं निघाले तर कोण कुणाची वाट अडवणार, हाच माझा धंदा. मी त्या दगडाचे कॉम्प्युटरवर दोन लाख चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनात कोण किती आहे हे मला पाठ आहे. बायको म्हणते, "अहो, तीन किलोमीटर खालचं पाणी तुम्हाला दिसतं, आणि बेसिनखाली आठ दिवस गळत होतं ते दिसलं नाही?"

असो. सांगायला बसलो होतो आंघोळकाकांबद्दल, आणि बघा, सुरुवात केली ती स्वतःपासून. सवयच वाईट.

आंघोळकाका म्हणजे आमच्या तळघरातल्या प्रयोगशाळेचे सर्वेसर्वा. सर्वेसर्वा म्हणजे एकटेच. विहीर खणताना खालच्या दगडाचा लांबलचक दांडा कापून वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो येतो तेव्हा तेलानं माखलेला, काळाकुट्ट, आणि वास असा की लिफ्टमधली माणसं एकमेकांकडे संशयानं बघतात. काका त्यातून अंगठ्याएवढे तुकडे कापायचे, काचेच्या उंच भांड्यात ठेवायचे आणि खाली द्रावण उकळत लावायचे. त्याची वाफ वर जाऊन थेंब थेंब दगडावर पडत राहायची. दोन आठवडे, तीन आठवडे. ओघळणारं पाणी स्वच्छ दिसू लागलं की दगडाची आंघोळ झाली. मग दगड भट्टीत वाळवायचा आणि त्यातून तेल नि पाणी एकत्र सोडून कोण किती सहज जातं ते मोजायचं. त्याच्या दोन रेषा कागदावर यायच्या, एक चढती, एक उतरती. तो कागद वर माझ्याकडे. माझे दोन लाख चौकोन त्या दोन रेषांच्या जिवावर उभे आहेत.

बाविसाव्या वर्षी ते इथे काचसामान धुवायला लागले. शिक्षण दहावी. बाकी सगळं बघून बघून शिकले, आणि ज्यांचं बघून शिकले त्यांच्या चुका काढू लागले. रजा अशी घ्यायचेच नाहीत, कारण भांडं चालू असलं की सोडून जाता येत नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी साडेसहाला येऊन आच बघून गेले. विहिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, "दगडांनाही आमंत्रण द्यायचं होतंत." काकांना ते मनापासून पटलं होतं. माझ्याहून ते चारच वर्षांनी मोठे, पण मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला साहेब. ही व्यवस्था मला फार सोयीची वाटायची.

त्यांच्या प्रयोगशाळेला लागून दगडांचं गोदाम. लोखंडी रॅक, रॅकवर लाकडी पेट्या, प्रत्येक पेटीत एक मीटर दगड. एकूण चार हजार पेट्या. काकांना अंधारात विचारलं असतं तरी सांगितलं असतं, सातवी विहीर, दुसरी रांग, खालून तिसरी. लेबलं शिसपेन्सिलीनं लिहिलेली, कारण त्यांच्या द्रावणात शाई विरघळते, शिसं नाही.

तर हे गोदाम रिकामं करायचं ठरलं.

प्रशासनाच्या बाई एका दुपारी माझ्याकडे आल्या. त्यांना तिथे कॉम्प्युटरची मोठी कपाटं लावायची होती. म्हणाल्या, "सर, तुमच्याकडून फक्त एक टिपण हवं. दगड लागणार नाहीत एवढंच." मी लिहून दिलं. 'मॉडेलची जुळवणी पूर्ण झालेली असून यापुढे दगडांच्या नमुन्यांची आवश्यकता भासणार नाही.' दहा मिनिटं लागली, त्यातली पाच चहाला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ट्रक येणार, पेट्या रिकाम्या करणार आणि दगड कुठल्याशा रस्त्याच्या भरावात जाणार असं ठरलं. त्याच महिन्याच्या अखेरीला काका निवृत्त होणार होते. बाई म्हणाल्या, "छानच जुळून आलं." मीही मान डोलावली. डोलावण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

काका वर आले. दारातच उभे राहिले, ते कधी आत येत नसत.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो काका. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

"सगळं?"

"सगळं."

"बरं," म्हणाले आणि गेले. अडतीस वर्षांचा संसार उचलून भरावात टाकायला निघालेल्या माणसाला ते फक्त 'बरं' म्हणाले, आणि मला वाटलं, चला, समजूतदार आहेत.

पुढच्या सोमवारी अकरा नंबरच्या विहिरीतून पाणी आलं. थोडंथोडकं नाही, निम्मं पाणी. माझं भाकीत होतं सहा वर्षांचं. झाले होते चौदा महिने. फोन आला तेव्हा मी खुर्चीत होतो म्हणून बरं, नाहीतर खाली बसावं लागलं असतं. मोठ्या साहेबांनी गुरुवारी बैठक बोलावली.

अशा वेळी आमच्या धंद्यात काय करतात ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण आता लाजेचं काय राहिलंय. प्रत्यक्षात पाणी लवकर आलं आणि मॉडेलमध्ये उशिरा, तर मॉडेलमधल्या दगडात एक भेग घालायची. भेग असली की पाणी त्यातून सुसाट येतं. कीबोर्डवर दोन मिनिटांचं काम. मी अकरा नंबरकडे जाणारी एक सुरेख भेग पाडली. आकडे तंतोतंत जुळले. मी स्वतःवर खूश होऊन जेवायला गेलो. मंगळवारी नऊ नंबरमधून पाणी आलं. दुसरी भेग. मग चार नंबर. संध्याकाळपर्यंत माझ्या दगडात पाच भेगा होत्या आणि मी त्यांना नावं देण्याच्या विचारात होतो.

जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं ताटातून मान वर न करता विचारलं, "पण खरंच भेगा आहेत का तिथे?"

"असणारच."

"कुणी बघितल्या?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगं, तीन किलोमीटर खाली कोण बघणार?"

"अहो, पण तो दगड तर तुमच्या तळघरात आहे ना? शुक्रवारपर्यंत?"

बुधवारी सकाळी मी तळघरात उतरलो. अकरा वर्षांनी. आधी चुकून बॉयलरच्या खोलीत शिरलो, तिथल्या माणसानं मला आग विझवण्याच्या तपासणीला आलेला समजून सिलिंडर दाखवले. मीही दोन सिलिंडर बघितले. मग प्रयोगशाळेचं दार सापडलं.

काका पेट्यांना दोऱ्या बांधत होते. भरावात जाणाऱ्या दगडांच्या पेट्यांना नीट गाठी मारून दोऱ्या. मी अकरा नंबर मागितला. त्यांनी नऊ पेट्या टेबलावर मांडल्या, दिवा जवळ ओढला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी नऊ मीटर दगड इंच इंच बघितला. अख्खाच्या अख्खा गुळगुळीत. भेग सोडा, ओरखडा नव्हता.

"साहेब, पाणी लवकर आलं ना?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं. येणारच होतं."

त्यांनी धुतलेला एक तुकडा उचलला, ड्रॉपरनं त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब टेकला आणि नाहीसा झाला. दगडानं पिऊन टाकला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाचं कुलूप काढलं आणि मेणाचा एक गोळा आणला. मेण खरवडलं, आतला चंदेरी कागद सोडवला. खोलीभर तोच जुना वास पसरला. काळा, तेलकट, जसा खालून आला तसाच तुकडा. त्यावर थेंब सोडला. थेंब तसाच उभा राहिला. मी टेबलाला टेकलो तर तो थरथरला, पण आत जाईना.

"तेलकट कढईत पाणी घातलं की कसं गोळा होऊन इकडून तिकडे पळतं?" काका म्हणाले. "हा दगड तेलाला धरून बसलाय, साहेब. छिद्राच्या कडेला सगळं तेल चिकटलेलं. पाण्याला कडेला थारा नाही, मग ते मधल्या मोकळ्या वाटेनं धूम ठोकतं आणि तेल मागेच राहतं. तुमच्या मॉडेलातला दगड मात्र पाणी पीत पीत सावकाश चालतो. पिणारच. त्याला मी तीन आठवडे आंघोळ घातलीय."

माझे डोळे पांढरे झाले. म्हणजे मी एकोणीस वर्षं न्हाऊनमाखून आलेल्या दगडाचं भविष्य सांगत होतो. खाली होता तो दगड वेगळाच.

आणि मी काय केलं? ओरडलो. "मग तुम्ही धुता कशाला? कुणी सांगितलं धुवायला?"

चंदेरी कागदाच्या घडीतून काकांनी एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: 'धुतलेल्या व न धुतलेल्या दगडावर पाणी वेगळे वागते. कृपया एकदा येऊन बघावे. सगळेच धुवायचे का?' त्याखाली लाल शाईत: 'सर्व नमुने स्वच्छ धुऊनच मोजावेत. तेलकट नमुने व तेलकट कागद वर पाठवू नयेत. प्रयोगशाळेने मोजमाप द्यावे, मत देऊ नये.' त्याखाली एक सही. भलीमोठी, शेपटीवाली. सहीला शेपूट काढायची सवय मला तेव्हापासूनची. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा मला नुकतीच गोल फिरणारी खुर्ची मिळाली होती.

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. दर वेळी सही माझीच निघाली.

"हा तुकडा कसा राहिला मग?" माझा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"प्रत्येक विहिरीचा एकेक ठेवलाय. त्रेसष्ट आहेत. धुऊन मोजा असा तुमचा हुकूम होता, न धुता ठेवू नका असं कुठे होतं?" त्यांनी कपाट उघडं केलं. मेणाचे त्रेसष्ट गोळे, ओळीनं. शेजारी एक जाड वही. "भांडं चालू असलं की मधला वेळ मोकळाच असतो. यातल्या वीस-बावीस विहिरींचे दुसरे तुकडे मोजून ठेवलेत. न धुता. कुणी मागितले नव्हते, म्हणून वर पाठवले नाहीत."

चिठ्ठी खिशात घालून आणि ती वही घेऊन मी वर आलो. पाचही भेगा बुजवल्या. काकांच्या रेषा घातल्या आणि मॉडेल चालवलं. अकरा नंबरमध्ये पाणी पंधराव्या महिन्यात आलं. नऊ नंबर, चार नंबर, सगळी आपापल्या वेळेला, काहीही ओढाताण न करता. आयुष्यात असं जुळताना मी कधी बघितलं नव्हतं. नाचायला हवं होतं. त्याऐवजी मी जुन्या अहवालांची फाईल उघडली. एकोणीस वर्षांची सगळी भाकितं, आणि प्रत्येकाखाली ती शेपूट.

घरी बायकोला सांगितलं, "बैठकीत म्हणेन, प्रयोगशाळेकडून नवी माहिती हाती आली."

"नवी? एकोणीस वर्षांची?"

"तांत्रिकदृष्ट्या..."

"आणि चिठ्ठी?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि हातही. ती माझ्या खिशाकडे बघत राहिली, मग भांडी आवरायला उठली. नळ सोडता सोडता म्हणाली, "त्यांच्या नोकरीचे किती दिवस राहिले?" मी म्हणालो, सोळा. तिनं नळ आणखी मोठा सोडला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी बैठकीला मोठे साहेब, प्रशासनाच्या बाई, इतर दहा जण. काकांनाही बोलावलं होतं. ते दारापाशी उभे. धुतलेला शर्ट, नखं घासून घासून लाल केलेली. मी जुनं मॉडेल दाखवलं, नवं दाखवलं, दगडावरच्या थेंबाचं सांगितलं. मोठे साहेब हुशार आहेत. त्यांना लगेच कळलं, आणि चुकीचं कळलं.

"म्हणजे इतकी वर्षं प्रयोगशाळेनं चुकीचे दगड मोजले." ते काकांकडे वळले. "निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लावणं मला आवडत नाही. पण हे फार झालं."

काकांनी मान खाली घातली. हुकूम माझा होता हे त्यांना माहीत, चिठ्ठी माझ्या खिशात आहे हेही माहीत. ते गप्प राहिले.

आणि मीही गप्प राहिलो. मोठ्या साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं, दोन घोट पाणी प्यायले, झाकण लावलं, बाटली खाली ठेवली. एवढा सगळा वेळ मी मूग गिळून बसलो होतो. हे इथे लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, पण काकांनी त्या वेळात एकदा माझ्याकडे बघितलं होतं आणि मग आपणच नजर काढून घेतली होती, मला अवघड वाटू नये म्हणून. ते मला सहन झालं नाही.

मी उठलो. ततपप करत चिठ्ठी काढली आणि वाचली. आधी शिसपेन्सिलीचं, मग लाल शाईचं. 'मत देऊ नये' पाशी अडखळलो, म्हणून ते दोनदा वाचावं लागलं.

"हे कुणी लिहिलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी. आणि दगड लागणार नाहीत असं टिपणही मीच लिहिलंय. ते मागे घेतो. सगळे दगड लागतील, आणि काकांची वहीही."

प्लायवूडच्या पलीकडे कुणीतरी हळूच म्हणालं, "ज्योतिषीबुवांचे ग्रह फिरले." मोठ्या साहेबांनी मला जे सुनावलं ते सगळं खरं होतं, म्हणून देत नाही. माझ्या खालच्या माणसाला माझी खुर्ची मिळाली. मला सगळी भाकितं पुन्हा करायला लावली, तळघरात बसून. बाईंनी तिथल्या तिथे फोन करून ट्रक रद्द केला आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

बैठक सुटल्यावर जिन्यात काकांना गाठलं. ते किल्ल्यांचा जुडगा चाचपत उतरत होते. मला माफी मागायची होती. त्याऐवजी तोंडातून तक्रार निघाली. सवयच वाईट, मघाशी म्हणालोच.

"काका, चिठ्ठी पाठवलीत ते ठीक. पण एकदा वर येऊन, माझा हात धरून खाली न्यायचं होतंत ना."

"आलो होतो की," काका म्हणाले. मनात काही नव्हतं, नुसती आठवण सांगावी तसं सांगितलं. "दगड घेऊनच आलो होतो. तुम्ही म्हणालात, आधी हात धुऊन या. मी खाली जाऊन हात धुऊन आलो, तर तुम्ही जेवायला गेला होतात. थोडा वेळ थांबलो दाराशी. मग भांडं चालू होतं म्हणून चिठ्ठी ठेवून गेलो."

ते उतरत गेले. मी पायरीवर बसलो आणि आठवायचा प्रयत्न केला. दाराशी उभा असलेला माणूस, त्याच्या हातातला दगड, माझं ते वाक्य. काही म्हणजे काही आठवेना. मला रडू आलं, आणि येऊ दिलं.

खालून काकांची हाक आली. "साहेब, येताय ना? तो उघडलेला तुकडा परत मेणात घालायचाय, एकट्यानं धरता येत नाही."

मी गेलो. त्यांनी तो काळा दगड माझ्या दोन्ही हातांत दिला आणि मी तो मेण थंड होईपर्यंत धरून उभा राहिलो.